राब आणि वणवा

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका सदस्यानं व्हिडिओ टाकला. ताम्हिणीच्या रस्त्यानं जाताना गाडीतून काढलेला. डोंगराच्या कुशीतून धूर निघतोय. खाली मजकूर, 'हे अडाणी लोक सह्याद्री जाळून टाकणार.' लगेच रडक्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी तो व्हिडिओ आमच्या वॉचमनमामांना दाखवला. मामा मुळशी खोऱ्यातले, धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. मोबाइल डोळ्यांजवळ धरून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ह्यो वणवा न्हाई दादा. राब भाजलाय कुनीतरी."

मग गेटवर उभ्या उभ्या त्यांनी मला राब शिकवला. खाचराच्या कडेला रोपासाठी एवढासा तुकडा राखायचा. त्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वारा पडलेला बघून वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. तण मरतं, माती भुसभुशीत होते, पहिल्या पावसाला भाताचं रोप तरारून येतं. टहाळासाठी झाडाच्या फांद्या छाटायच्या, झाड तोडायचं नाही. राबाची आग सुटून डोंगराला लागते का? लागते कधीकधी, मामांनीच कबूल केलं. गवत चांगलं फुटावं म्हणून मुद्दाम काडी लावणारेही आहेत. पण धूर दिसला की वणवा, हे आपलं शहरी ज्ञान.

गंमत पुढे आहे. व्हिडिओ टाकणाऱ्या याच गृहस्थांनी गेल्या महिन्यात 'लेक व्ह्यू' प्लॉटची जाहिरात टाकली होती, तीन जण मिळून घेऊ म्हणून. मी साइट बघायला गेलो होतो (हो, मलाही मोह झाला होता). पोकलेननं अख्खा उतार कापून लाल मातीचे टप्पे केले होते. वरून येणारा ओढा बुजवून त्यावर रस्ता. त्या जखमेचा व्हिडिओ कुणी टाकला नाही. धूर निघत नाही ना तिच्यातून.

आणि तो लेक म्हणजे काय? मुळशी धरण. 1921 च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. शाळेत आपण एवढंच शिकतो. जे शिकवत नाहीत ते असं, की बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनींचे कागदोपत्री मालक पुण्यातले सावकार होते. मोबदल्याचा आकडा बरा वाटल्यावर त्यांचा विरोध मावळला. कसणारी कुळं डोंगरावर सरकली. धरणाचं पाणी पश्चिमेला भिऱ्याला उतरवून वीज केली, वीज मुंबईला गेली. आपण पुणेकरही वेगळे नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही आपली धरणं मिळून 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर साठा. जुलैत धरणं भरली की आपण स्क्रीनशॉट टाकतो, आणि मामांच्या सुनेला एप्रिल-मेत झऱ्यावर वाटीनं पाणी भरावं लागतं. खाली धरण दिसतं, म्हणतात मामा. बघायला.

1996 ला राज्य सरकारनं खासगी हिल स्टेशनचं धोरण आणलं, तेव्हा वाडीला विचारलं नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ पुण्याचेच. त्यांच्या पश्चिम घाट समितीनं 2011 च्या अहवालात म्हटलं होतं की काय राखायचं, काय करायचं हे ग्रामसभांपर्यंत नेऊन ठरवा. मला त्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच गाळलं गेलं. गावात पोचली ती अफवा, की आता घरावर कौलं टाकायलाही परवानगी लागणार. ती कुणी पोचवली? ज्यांच्या खाणी आणि प्लॉट अडकत होते त्यांना त्या अफवेचा फायदा झाला, एवढं मला दिसतं.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. 151 माणसं. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकाला. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 ला, केरळात वायनाडला दरडी कोसळल्या. दुसऱ्याच दिवशी केंद्रानं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला, 56 हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यात महाराष्ट्राचे 17 हजार. हा मसुदा सहावा. पहिला 2014 चा होता. मसुद्यांनाही आता वारी म्हणावं, पुन्हा पुन्हा निघते, फक्त पोचत नाही.

माळीणनंतर बोट लगेच डोंगरउतारावरच्या शेतीकडे गेलं. यंत्रानं उतार सपाट केले त्याची चर्चा व्हायलाच हवी. पण आंबेगावच्या आदिवासींची पडकई मुळात यंत्राची नव्हतीच. एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबून हातानं बांध घालायचे, असं ते काम. पोकलेन वाडीत आला की लगेच त्याच्या नावानं ओरड होते. प्लॉटिंगवर आला की 'डेव्हलपमेंट'.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले, त्यातला एक माझ्या बायकोचा.

आज मामांनी भातलावणीसाठी जुलैत पंधरा दिवसांची रजा मागितली. कमिटीनं चार दिवस मंजूर केलेत, बदली माणूस त्यांनीच आणून द्यायचा या अटीवर.