फवारणीचे विष ‘नसा मारत’ नाही

कपाशीवर फवारणी सुरू झाली की यवतमाळकडच्या गावांत एक संदेश मोबाईलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा : औषध पोटात गेले तरच बाधते, ते नसा मारते, म्हणून माणूस ढिला पडतो, दूध-गूळ दिला की उतरते, दवाखान्यातल्या इंजेक्शनाने माणूस भ्रमिष्ट होतो, आणि एक रात्र बरी गेली की त्याला घरी आणावे.

पहिल्या मुद्द्याला उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. २०१७ च्या हंगामात येथे २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले आणि शेकडो जण दाखल झाले. तेव्हाची सगळी विषे एका जातीची नव्हती, हे खरे. पण ऑरगॅनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या जातीची विषे, ज्यांबद्दल पुढचे सारे आहे, चरबीत विरघळतात आणि जखम नसलेल्या कातडीतूनही आत शिरतात. छातीच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत गळका पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्याचा सदरा दुपारपर्यंत घामाने व औषधाने सारखाच ओला झालेला असतो. त्यात नोझल अडकले की ते तोंडाने फुंकण्याची सवय वेगळीच.

‘नसा मारते’ हा समज सर्वांत घातक आहे, कारण प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. नस स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तो अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याच्या थेंबुकल्यांनी, आणि निरोप पोचताच अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) ते द्रव्य सेकंदाच्या हजाराव्या भागात फोडून जागा मोकळी करते. विष या विकराच्या कामाच्या जागीच चिकटते, त्यामुळे द्रव्य साचत जाते आणि एकदा दिलेला निरोप थांबतच नाही. म्हणून तोंडातून लाळ गळते, डोळे वाहतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ढाळ लागतात, नाडी मंदावते आणि फुप्फुसे स्वतःच्याच स्रावाने भरू लागतात. मांडीवरचे, पापणीवरचे स्नायू कातडीखाली किडे वळवळल्यासारखे फुरफुरतात. अखेरीस येणारा ढिलेपणा हा सततच्या हुकमाने स्नायू निरुत्तर झाल्याचा असतो. मेंदूतही हाच गोंधळ माजतो; त्यातून भ्रम आणि झटके येतात.

दूध-गुळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. विकराला चिकटलेले विष दोहोंपैकी कशानेही सुटत नाही, आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेले दूध श्वासनळीत जाते. तेवढ्या वेळात कपडे काढून साबणाने अंग धुणे आणि गाडी पाहणे शहाणपणाचे.

इंजेक्शनाच्या आरोपात मात्र सत्याचा अंश आहे. या विषबाधेत टोचतात ते अ‍ॅट्रोपिन प्रमाणाबाहेर गेले तर रोगी बरळतो, चादर ओढतो, अंग तापते. असे पाहिलेल्या नातेवाइकांची भीती मी खोटी ठरवणार नाही. तथापि छातीतला घरघराट थांबून फुप्फुसे कोरडी होईपर्यंत ते दर काही मिनिटांनी वाढवत द्यावे लागते, कारण स्रावात बुडणाऱ्याला वाचवणारे औषध तेच आहे. त्याची मर्यादा वेगळीच आहे : ते ग्रंथींवरचा व हृदयावरचा साचलेला निरोप अडवते, हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरचा नाही, आणि विकरालाही सोडवत नाही. विकर सोडवण्यासाठी प्रालिडॉक्झाइम देतात, पण विषाची पकड कायमची होण्याआधी ते पोचले तरच काही उपयोग. याच जातीच्या मोनोक्रोटोफॉससारख्या विषात ही मुदत काही तासांचीच असते. ‘सकाळी नेऊ’ म्हणण्याची किंमत ती हीच.

राहिला ‘एक रात्र बरी गेली’ हा मुद्दा. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत, लाळ-ढाळ ओसरून माणूस बोलू लागला असतानाच, मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात. १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले, आणि अ‍ॅट्रोपिन तिच्यावर चालत नाही. तिची चाहूल बहुधा मानेत लागते. खाटेजवळ बसलेल्याने रोग्याला उशीवरून डोके उचलायला सांगावे. ते उचलता आले नाही, तर तो कितीही नीट बोलत असला तरी त्याला घराकडे नव्हे, कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या दवाखान्याकडे न्यावे.