क्रिटिकल रेस थिअरी, डेट्रॉइटची भिंत आणि आपण देशी लोक

इलेक्शनचं वारं सुटलं की इथे मिशिगनमधल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो, "शाळेत सीआरटी शिकवतायत, गोऱ्या मुलांना लाज वाटायला लावतायत, उद्या आपल्या मुलांचा नंबर" आणि खाली धडाधड अंगठे. ही सीआरटी, म्हणजे क्रिटिकल रेस थिअरी, नेमकी काय आहे ते वाचलंय का कुणी, असं विचारलं की सगळे गप्प. म्हणून लिहितोय, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

थिअरी राहू दे बाजूला, आधी एक भिंत बघू. डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडच्या जरा दक्षिणेला घरांच्या मागच्या अंगणांमधून साधारण अर्धा मैल एक भिंत जाते. सहा फूट उंच, साधी काँक्रीटची, एका ठिकाणी मुलांचं प्लेग्राउंड आहे तिथे तिच्यावर रंगीत चित्रं काढलीयत, म्हणजे माहीत नसेल तर कंपाउंड वॉल समजून पुढे जाल. ती बांधली 1941 मध्ये. एका बाजूला ब्लॅक लोकांची वस्ती होती, पै पै जोडून घेतलेले प्लॉट, स्वतःच्या हाताने उभी केलेली घरं. शेजारच्या जमिनीवर एका बिल्डरला गोऱ्यांसाठी स्कीम टाकायची होती. तेव्हा एफएचए नावाचं सरकारी खातं होमलोनला गॅरंटी द्यायचं, आणि ती असली की बँक कमी व्याजाने, लांब मुदतीचं लोन द्यायची. एफएचए म्हणाली, ब्लॅक वस्तीला एवढं चिकटून? रिस्की आहे, जमणार नाही. बिल्डरने मधे भिंत घातली. मंजुरी आली!

आता यात व्हिलन कोण ते सांगा. बिल्डर म्हणणार मला लोन पाहिजे होतं, बँकवाला म्हणणार गॅरंटी नाही तर मी काय करू, क्लार्क म्हणणार साहेब नियमच तसा आहे. कुणाच्या पोटात विष असेल कुणाच्या नसेल, पण भिंत उभी राहिली ती राहिलीच. सीआरटीचं म्हणणं मुळात एवढंच आहे की माणसाच्या मनात काय आहे ते शोधत बसू नका, नियम बघा आणि त्या नियमाने कुणाच्या पदरात काय पडलं ते बघा.

आणि नियम गेला तरी हिशोब संपत नाही. 1968 च्या कायद्याने घर विकताना, लोन देताना रंग बघणं बेकायदा झालं, छान झालं, पण तोवर ज्यांना स्वस्त लोन मिळालं त्यांच्या घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या, त्या घरावर मुलांची कॉलेजं झाली, नातवंडांची डाउनपेमेंटं झाली, आणि ज्यांना लोन मिळालं नाही त्यांची नातवंडं शून्यापासून सुरू करतायत, यात आजच्या गोऱ्या मुलाचा काय दोष, काहीच नाही, पण फरक खरा आहे ना?

हा विचार मांडणारे बहुतेक वकील होते. डेरिक बेल 1960 च्या दशकात मिसिसिपीत शाळांमधल्या रंगभेदाच्या केसेस लढले, पुढे हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये प्रोफेसर झाले. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता, 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्लॅक मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, आपण जिंकलो, मग शाळा अजून वेगळ्याच कशा? 1980 च्या लेखात त्यांनी लिहिलं की ब्लॅक लोकांना हक्क मिळतात ते गोऱ्यांचाही त्यात फायदा असतो तेव्हाच. शीतयुद्ध चालू होतं, रशिया जगभर सांगत फिरत होता की बघा अमेरिकेत काय चाललंय, आणि सरकारने 1954 च्या त्या केसमध्ये खरंच कोर्टात ही अडचण मांडली होती. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ना, तसं. 1974 मध्ये आमच्या डेट्रॉइटच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने सांगितलं की शहरातल्या शाळांचा प्रश्न सोडवायला उपनगरांना ओढायचं नाही. म्हणजे गोरे उपनगरात गेले, संपला विषय.

याच विचाराच्या कायद्याच्या प्रोफेसर किंबर्ले क्रेनशॉ यांचं उदाहरण तर इथल्या कार कंपन्यांत काम करणाऱ्यांनी वाचाच. 1970 च्या दशकात जनरल मोटर्सने कामगार कमी करताना जे शेवटी लागले ते आधी बाहेर असा नियम लावला. दिसायला एकदम फेअर. पण सेंट लुइसच्या प्लांटमध्ये 1964 च्या आधी ब्लॅक बायकांना घेतच नव्हते, त्यामुळे शेवटी लागलेल्या त्याच. त्या कोर्टात गेल्या तर कोर्ट म्हणालं, कंपनीने बायका घेतल्यात (ऑफिसमध्ये, गोऱ्या), आणि ब्लॅक घेतलेत (शॉप फ्लोअरवर, पुरुष), दोन्ही जोडून वेगळी तक्रार चालणार नाही. घ्या!

सगळंच पटतं असं नाही हां. वंशभेद अमेरिकेतून कधीच जाणार नाही हे बेल यांचं मत मला टोकाचं वाटतं. 2020 मध्ये वॉशिंग्टनच्या एका म्युझियमने वेबसाइटवर तक्ता टाकला होता, त्यात मेहनत, वेळ पाळणं वगैरे गोऱ्यांच्या संस्कृतीत घातलेलं, टीका झाल्यावर काढला. असल्या गोष्टींवर हसणारच लोक. पण बिचाऱ्या बेलनी हे लिहिलं नव्हतं, आणि तिसरीतल्या पोराला कुणी कायद्याचे जर्नल वाचायला देत नाही.

राहता राहिले आपण. "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी भगतसिंग थिंड. पंजाबी माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. तेव्हा बाहेरून आलेल्या आशियाई माणसाला नागरिकत्व हवं तर गोरं असावं लागायचं. 1922 मध्ये कोर्टाने ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितलं, तू कॉकेशियन (तेव्हा गोऱ्या वंशाला हे नाव होतं) नाहीस म्हणून गोरा नाहीस. थिंड म्हणाले मी कॉकेशियन आहे, वर उच्च जातीचा आर्य आहे. तीन महिन्यांनी त्याच जज्जने लिहिलं, असशील, पण सामान्य माणूस तुला गोरा समजत नाही! मग बऱ्याच भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं, दार परत उघडलं 1946 मध्ये, तेही वर्षाला 100 जणांचा कोटा. आपण इथे एच वन व्हिसा, ग्रीन कार्ड करत आलो ते 1965 च्या कायद्यामुळे, आणि तो आला सिव्हिल राइट्स चळवळीच्या रेट्यामुळे. नुसत्या मेरिटवर आलो म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवा.

2023 मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, प्रस्ताव आणला तिथल्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी, जन्म पुण्याचा. तेव्हा ग्रुपवर "आमच्या मनात जात नाहीच, उगाच बदनामी" म्हणून जे रण पेटलं ते आठवतंय. मनात नसेलही, मी कुठे नाही म्हणतोय? मी विचारलं होतं की मॅट्रिमोनीच्या प्रोफाइलमध्ये आणि पुण्यातला फ्लॅट भाड्याने देताना काय काय बघता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.