मतं मागायला या, पण आधी ओढ्यावर चला

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. डोंगरातून येतो आणि खाली भोगावतीला मिळतो. मी पाचवी-सहावीत होतो तेव्हा शिमग्यापर्यंत त्याला पाणी असायचं. आम्ही दगड उलटून खेकडी धरायचो, आई धुणं आपटत असायची, पलीकडं म्हशी डुंबत असायच्या. आता दिवाळी झाली की ओढा कोरडा. दोन्ही काठांनी ऊस एकेक सरी करत पात्रात उतरलाय. वरच्या टोकाला मुरूम टाकून भराव केलाय आणि त्याखालून सिमेंटचे दोन पाइप काढलेत. पावसाळ्यात त्या पाइपांत पाचट, प्लास्टिक, ओंडके अडकतात आणि ओढ्याचं पाणी आमच्या वस्तीत शिरतं. दोन वर्षांमागं जुलैत रात्री अडीच वाजता गोठ्यात गुडघाभर पाणी आलं, तेव्हा मी आणि शेजारचे आबा अंधारात म्हशींची दावी कापत होतो.

त्यानंतरच्या १५ ऑगस्टला ग्रामसभेत हा विषय मांडायचा म्हणून मी गेलो. झेंडावंदन झालं, लाडू वाटले, आणि सभेला उरलो तीसेक माणसं. कायद्यानं एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी नव्हती, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळं पुढच्या आठवड्यात पंधरा माणसांत ती उरकली. मी तिथंही गेलो, ओढ्याचं बोललो. "हे महसूलचं काम आहे," असं उत्तर मिळालं. महसूलकडं गेलो तर "आधी मोजणी करून आणा." मोजणीचे पैसे भरले, तारीख मिळाली, त्या दिवशी पाऊस. मग पुढची तारीख. सगळ्या पोचपावत्या माझ्या फाइलीत आहेत आणि भराव जिथल्या तिथं आहे.

आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "लेका, अर्जानं काय हुतंय? भराव टाकणाऱ्याच्या भावकीत पन्नास मतं हाईत. तुझ्या वड्याला किती हाईत?"

मला आधी राग आला. रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. ओढ्याला मत नाही. गायरानाला नाही, देवराईला नाही, नदीतल्या माशाला नाही. त्यांच्या वतीनं कुणी मत मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही, म्हणून त्यांचा निकाल कायम त्यांच्या विरोधात लागतो.

गावाकडच्या निसर्गाचं काम म्हणजे जूनमध्ये रोपं लावायची आणि फोटो टाकायचे, इतकंच आपण धरून चाललोय. मी स्वतः पाच वर्षं रोपं लावली, त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही. पण ज्या गायरानात ती लावली तिथं रात्री जेसीबी लावून मुरूम उचलला गेला, तेव्हा त्या रोपांना वाचवायला माझ्या हातात काही नव्हतं. ज्याच्या हातात होतं तो निवडून आलेला माणूस होता. त्याला मी कधीच गायरानाबद्दल विचारलं नव्हतं. गटार, पेव्हिंग ब्लॉक, देवळाचा सभामंडप, एवढंच विचारलं होतं.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मनावर घेतलं, तो राज्यकर्त्याचा निर्णय होता. पाण्याचं आणि शेताचं भलं सत्तेतून होतं, हे आपल्या जिल्ह्यानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. आणि सत्तेला वाकवायचं कसं तेही आपल्याला येतं. एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे यांच्याबरोबर हेच शहर टोलच्या विरोधात रस्त्यावर उतरलं आणि सरकारला टोल बंद करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकिलांनी आणि लोकांनी कित्येक दशकं लढा चालवला, १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं काम सुरू झालं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नांदणीच्या मठातून वनताराला नेलेली महादेवी हत्तीण परत यावी म्हणून हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत चालत आली, आणि त्याच आठवड्यात मुंबईत मुख्यमंत्र्यांना बैठक लावावी लागली. त्या पदयात्रेत बायका अनवाणी चालत होत्या, म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले होते. ते प्रेम अस्सल होतं. त्याच प्रेमातला थोडा वाटा पंचगंगेला का मिळू नये, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

कारण पंचगंगा रोज मरतेय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीपर्यंत जे पाणी आणतात, त्याचं पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत काय होतं ते शिरोळ तालुक्यातल्या माणसाला विचारा. शहराचं सांडपाणी, रंगाचं पाणी, मळीचं पाणी. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की चार दिवस बातम्या येतात, पंचनामा होतो, नोटीस निघते, मग पुढच्या खचापर्यंत शांतता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते आणि पंचगंगा त्यात होती. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या १० जागा आहेत. या नदीच्या पाण्यावर किंवा नदीच्या पुरावर ज्याचं काहीच अवलंबून नाही असा यातला मतदारसंघ शोधायला बसलात तर हाताशी फार थोडे लागतील. तरीही कुणाच्या प्रचारसभेत सांडपाणी प्रक्रियेचं वेळापत्रक ऐकलंय? मी ऐकलेलं नाही.

पुराचंही तसंच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे आता जिल्ह्यातल्या पोरासोरांना पाठ आहेत. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. त्या दोन्ही वेळी आमचा नदीकाठचा ऊस आठ-दहा दिवस बुडून होता. शेंड्याच्या सुरळीत गाळ बसला की ऊस कुजतो, मग बाहेरून हिरवा दिसला तरी उपयोग नाही. पूर ओसरल्यावर आपण सगळे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोललो, बोललंच पाहिजे. उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ मीटरच्या वर न्यायची भाषा होत असेल तर त्याला विरोध हवाच. पण आपल्याच जिल्ह्यात पूररेषेच्या आत किती भराव पडले, किती प्लॉट पडले? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा बोर्ड लागतो तेव्हा परवानगीचा कागद कर्नाटकातून येत नाही.

आता घाटाकडं या. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडं यावर सगळ्यात जास्त अफवा आहेत. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. सहावी ३१ जुलै २०२४ ला, म्हणजे वायनाडमध्ये दरड कोसळून गावं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा राज्यांतलं ५६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७ हजारांवर. दहा वर्षांत सहा मसुदे! राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर मी माणसांशी बोललोय. "शेती करता येणार नाही, घराचं कौल बदलता येणार नाही, जमीन विकता येणार नाही," असं त्यांना सांगितलं गेलंय. मसुद्यात तसं नाही. राहत्या घरांच्या दुरुस्तीला, वाढवायला मनाई नाही, जमिनीच्या मालकीला हात लावलेला नाही. बंदी आहे ती खाणी, दगड आणि वाळूचा उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे, नवे उद्योग आणि मोठ्या टाउनशिपवर. चालू खाणी पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, यातलं जे आधी येईल तेव्हा, बंद करायच्या आहेत. सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, बॉक्साइटच्या खाणीनं कुणाचं भलं झालं आणि कुणाच्या विहिरी आटल्या, ते त्या त्या गावातल्या माणसांनी एकत्र बसून एकदा मांडावं. माझं मत स्पष्ट आहे. घाटातल्या माणसाला जंगल राखायला सांगायचं असेल तर त्याच्या भाताला, नाचणीला, मधाला भाव द्या, गव्यांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई त्याच हंगामात द्या, दवाखाना आणि एसटी द्या. हे न देता नुसती रेषा ओढली तर लोक चिडणारच, आणि त्यांच्या चिडण्याचा फायदा खाणवाला घेणार. पण भीती घालून मतं मागणाऱ्या पुढाऱ्याला हे विचारायलाच हवं की, बाबा, तू तो मसुदा मराठीत वाचून दाखवलास का?

मतांचा धाक किती चालतो याचं उदाहरण ताजं आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला शिरोळपासून आजऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांनी एकजुटीनं विरोध केला आणि विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणूक संपली आणि विषय पुन्हा वर आला. यातून मी एवढंच घेतलं की मतदानाआधी मिळालेलं आश्वासन लेखी, तारखेसकट आणि चारचौघांत घ्यायचं, आणि मतदानानंतरही चावडीवर बसून राहायचं.

गायरानाबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहितो. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं, आणि १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानं गायरानं वाटायला बंदी घातली. पण कारवाईची वेळ येते तेव्हा पहिली नोटीस भूमिहीनाच्या दोन खोल्यांना जाते. मला ते मान्य नाही. ज्याला दुसरीकडं गुंठाभर जागा नाही त्याला आधी घर द्या. ज्याची दहा एकर बागायत असून त्यानं गायरानात कुंपण घातलंय, ज्याचे डंपर तिथून मुरूम नेतात, त्याच्यापासून सुरुवात करा. गरिबाला पुढं करून मोठ्याला वाचवणारी मोहीम निघाली तर मी गरिबाच्या बाजूनं उभा राहीन.

मार्च २०२२ ला जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकानं कारभार पाहिला. त्या काळात आपल्या ओढ्याचं गाऱ्हाणं सांगायला सदस्यही नव्हता. म्हणून आता जो कुणी ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, कशासाठीही आमच्या वस्तीवर येईल, त्याला आम्ही चहा देऊ, आणि चहाआधी ओढ्यावर नेऊ. भराव दाखवू. हा भराव कधी निघणार, गावच्या ओढ्यांची मोजणी कोणत्या महिन्यात होणार, पंचवार्षिक आराखड्यात ओढ्याला किती रुपये, नदीत सांडपाणी सोडणाऱ्यावर तुम्ही सभागृहात कधी बोलणार, हे तिथंच उभं राहून विचारू. उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करू आणि गावच्या ग्रुपवर टाकू. पक्ष कुठला हे बघणार नाही. माझ्या घरातली चार मतं आहेत, आबांची सहा. वस्तीत आत्तापर्यंत एक्काहत्तर झालीत. भराववाल्याच्या भावकीपेक्षा एकवीस जास्त.

तुमच्या गावातही असा ओढा असेल, पाणंद असेल, तळं असेल. भूमी अभिलेखातून गावनकाशाची नक्कल काढा. आमच्या नकाशात ओढा ठळक दोन रेषांनी दाखवलाय. गावची जैवविविधता नोंदवही ग्रामपंचायतीत असायला हवी, ती बघायला मागा. आमची कपाटात होती, आणि तिच्यात आमच्या देवराईचं नावच नव्हतं. म्हाताऱ्यांना घेऊन बसलो तर एका दुपारी तीस झाडांची नावं निघाली, ती आता लिहून काढतोय.

आमची पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. ओढ्याचा आणि गायरानाचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून ग्रामसेवकांकडं लेखी दिलंय, पोच घेतलीय. महिलांची सभा आदल्या दिवशी आहे, तिथं आमच्या काकू बोलणार आहेत. गणपूर्तीला १०० माणसं हवीत. वस्तीतल्या घराघरात जाऊन नावं लिहितोय, आज सकाळपर्यंत चौऱ्याऐंशी झाली. नकाशा मोठा करून छापून घेतलाय, तो हॉलच्या भिंतीला लावायचाय.