रिपोर्टातला ३ आणि व्हॉट्सॲपवरची दोन वर्षं

आमच्या मिरजेच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय आणि तो थांबायचं नाव घेत नाही. थोडक्यात असा: ‘छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर येणाऱ्या रिपोर्टात सगळं भविष्य असतं. ३ आकडा दिसला की तिसरी स्टेज. काखेत गाठी निघाल्या की दोन वर्षं. सुरी लागली की तो पसरतोच. स्तन पूर्ण काढला तर ठीक, नुसती गाठ काढली तर परत येणारच. पाच वर्षं निघाली की सुटलात, गोळ्या बंद.’

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, कापण्यात आणि स्लाइड रंगवण्यात नोकरी काढली. रिपोर्ट लिहिणं डॉक्टरांचं काम. पण तो वाचून हबकलेल्या बायका माझ्याच दारात येतात, कारण डॉक्टर गल्लीत राहत नाहीत, मी राहते.

आधी तो ३ घेऊ. तो रिपोर्टात तीन ठिकाणी येऊ शकतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा. एक म्हणजे ‘ग्रेड ३’. मायक्रोस्कोपखाली पेशी कशा दिसतात त्याचे हे मार्क. पेशींच्या नळ्या किती शाबूत आहेत, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, विभाजन किती चाललंय. प्रत्येकाला १ ते ३ मार्क, आणि बेरीज ८ किंवा ९ आली की ग्रेड ३. म्हणजे पेशी घाईत आहेत. त्या कुठवर पोचल्यात हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर स्टेज देते: गाठ केवढी, काखेत काय, हाडं-यकृत-फुप्फुसांत काही आहे का. एक सेंटिमीटरची, काख मोकळी असलेली गाठ ग्रेड ३ निघू शकते, आणि या हिशेबानं तिची स्टेज पहिलीच असते.

दुसरा, ‘हर-टू ३+’. पेशींवर हे प्रथिन भरपूर आहे, एवढाच त्याचा अर्थ. एके काळी ही वाईट बातमी होती. १९९८ मध्ये अमेरिकेत या प्रथिनावरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली, तेव्हापासून हीच ओळ डॉक्टरांना नेमकं औषध सुचवते.

तिसऱ्यानं सर्वांत जास्त रडवलंय: ‘३/१६’. शेजारच्या एका काकूंच्या रिपोर्टात ०/१४ होतं, आणि घरच्यांनी ‘चौदा गाठी निघाल्या’ असं वाचून पाहुण्यांना फोन लावले होते! खालचा आकडा म्हणजे काखेतल्या चरबीतून शोधून काढलेल्या ग्रंथी. त्या तुमच्या-माझ्या काखेतही आहेत. बाधित किती, ते वरचा आकडा सांगतो. उलट खालचा आकडा मोठा असला तर वरच्या शून्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. डॉक्टर ती चरबी बोटांनी चाचपत एकेक ग्रंथी शोधायचे, तेव्हा मी शेजारी बरण्या धरून उभी असायची.

बरण्यांवरून आठवलं. मेसेजच करायचा तर हा करा: काढलेला भाग तासाभरात पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, गेला का, ते विचारा. तो आत ६ ते ७२ तास राहायला हवा. छोट्या डबीत कोंबून, उशिरा फॉर्मॅलिन घालून आलेले तुकडे मी पाहिलेत. तसं झालं तर गाठ हार्मोनवर वाढते का, ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि बाईची हार्मोनला अडवणारी गोळी हुकते.

आता सुरीचं. ऑपरेशनच्या वेळी काही पेशी सुटत असतील, ही शंका डॉक्टरांनाही आली. म्हणूनच टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी भारतातल्या ११ केंद्रांवर सोळाशेच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं इंजेक्शन दिलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत ९०.१ टक्के, बाकीच्यांत ८६.४. सुरीनं पसरतोच म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा. त्या बायकांनाही सुरी लागलीच होती.

नुसती गाठ काढण्याबद्दल अमेरिकेतल्या फिशर यांच्या अभ्यासाचा वीस वर्षांचा हिशेब २००२ मध्ये आला. स्तन पूर्ण काढला काय, नुसती गाठ काढली काय, जगण्यात फरक नाही. मात्र गाठ काढून रेडिएशन, म्हणजे आपल्याकडचं ‘लाईट घेणं’, टाळलं तर त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण ३९ टक्के, घेतलं तर १४. मेसेजात लाईटचा उल्लेखही नाही.

राहिली वर्षं. काख बाधित असणं वाईटच, ते मी लपवत नाही. २०१७ मध्ये ६२,९२३ बायकांची माहिती एकत्र करून अभ्यास झाला. सगळ्या हार्मोन-पॉझिटिव्ह, पाच वर्षं गोळ्या घेतलेल्या, तोवर आजार न परतलेल्या. गाठ लहान आणि काख मोकळी असेल, तर पुढच्या पंधरा वर्षांत आजार दूर पसरण्याचा धोका १३ टक्के. गाठ २ ते ५ सेंटिमीटरची आणि ४ ते ९ ग्रंथी बाधित असतील, तर ४१ टक्के. म्हणजे ‘दोन वर्षं’ही खोटं आणि ‘पाच वर्षांनी सुटलात’ही खोटं. ट्रिपल निगेटिव्हचं, म्हणजे हार्मोनच्या दोन्ही आणि हर-टू अशा तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आलेल्या गाठीचं, गणित उलटं. तिथं धोका पहिल्या काही वर्षांत जास्त, नंतर उतरतो.

आणि हे टक्के शंभर बायकांचे. त्यांतली आपण कोणती, ते रिपोर्ट सांगू शकत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आपल्याला पाठ आहे. तो आकडा ऐकून आपण सामान वर चढवतो. कोण बुडणार याची यादी करत नाही. केमो द्यायची का, गोळ्या पाचऐवजी दहा वर्षं चालू ठेवायच्या का, हे ठरवायलाच डॉक्टर हे टक्के काढतात.

त्या ०/१४ वाल्या काकूंनी मेसेज वाचून पाच वर्षं पुरी व्हायच्या आधीच गोळी सोडली होती. तीन आठवड्यांनी मला कळलं. गुरुवारी त्यांची ओपीडी आहे, रिपोर्टाची फाइल घेऊन मी बरोबर जाणार आहे.