नरक्याचा काढा म्हणजे इरिनोटेकॅन नव्हे

एक संदेश सध्या फिरतो आहे: "चीनच्या प्राचीन वैद्यकातल्या शी-शू झाडात कर्करोग मारणारं औषध आहे. तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात आहे. कंपन्या ते लपवतात. सालीचा काढा रोज प्या." दोन्ही झाडांत कॅम्प्टोथेसिन हा एकच रेणू आहे, हे खरं. त्यामुळेच बाकीचंही लोकांना पटतं.

"प्राचीन ज्ञानातून सापडलं." नाही. मनरो वॉल 1950च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात कॉर्टिसोन या औषधासाठी कच्चा माल शोधत होते. त्यांच्याकडचे सुमारे हजार वनस्पतींचे अर्क कर्करोगासाठी तपासले गेले, त्यात शी-शूचा अर्क ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या उंदरांवर लागू पडला. त्यातलं कॅम्प्टोथेसिन वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये जाहीर केलं. नरक्यात ते 1972 मध्ये सापडलं.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही." याचं उत्तर रुग्णांनी सोसून दिलेलं आहे. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून 1970च्या सुमारास त्याच्या रेणूतलं एक कडं उघडून पाण्यात विरघळणारा सोडियम क्षार केला आणि शिरेतून दिला. कडं उघडलं की औषध निकामी होतं. मूत्राशयात मात्र लघवी आम्लधर्मी असल्यामुळे ते पुन्हा मिटलं, औषध तिथेच जागं झालं आणि आतलं अस्तर सोलवटलं. लघवीतून रक्त, भयंकर जुलाब, पांढऱ्या पेशींची घसरण. 1972 मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली ती 1996 मध्ये.

"काढ्यात तेच उतरतं." किती? नरक्याच्या लाकडात प्रमाण 0.1 टक्का धरलं तर 10 ग्रॅम चुऱ्यात 10 मिलिग्रॅम, 0.3 टक्के असेल तर 30. झाड, जागा, खोड की मूळ, यानुसार आकडा बदलतो. त्यातलं पाण्यात किती आलं, हे चव किंवा रंग सांगत नाही. याउलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इतर औषधांसोबत इरिनोटेकॅन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 180 मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, सलाईनमधून सुमारे 90 मिनिटांत देतात. आधी रक्त तपासतात. काहींच्या यकृतात हे औषध निष्प्रभ करणारं यूजीटी1ए1 हे विकर (एन्झाइम) कमी काम करतं. त्यांचा डोस कमी करावा लागतो. घरी जुलाब सुरू झाले तर ते थांबवणारं लोपेरामाइड कसं घ्यायचं, हेही आधीच लिहून दिलेलं असतं.

"कंपन्या लपवतात." इरिनोटेकॅन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, भारतात जेनेरिक मिळतं. या रेणूच्या मागणीपायीच सह्याद्रीतला नरक्या चोरून, मुळासकट तोडला गेला.

केमो चालू असताना काढा घेतला असेल तर तो आजच बंद करा. किती दिवस, कोणता भाग, किती चमचे, हे कर्करोगतज्ज्ञांना सांगा. ताप 38 अंश सेल्सियसवर गेला किंवा जुलाब थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.