बॉयलर ७५ अंशांवर ठेवून गॅस वाचत नाही

थंडी सुरू झाली की ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: बॉयलरचं पाणी ७५ अंशांवर ठेवा, घर पटकन तापेल, थर्मोस्टॅट बॉयलर बंद करेल, गॅस वाचेल. बाहेरच्या थंडीप्रमाणे बॉयलरच्या पाण्याचं तापमान ठरवणारा सेन्सर घराबाहेर लावणं हा निव्वळ वायफळ खर्च. सल्ला आपुलकीनेच दिलेला असतो, पण नव्याने आलेली कुटुंबं त्यावर विसंबून बिलं भरत राहतात. म्हणून हे उत्तर.

‘पटकन तापलं की गॅस कमी लागतो.’ मूळ चूक इथेच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून बसवलेले जवळजवळ सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. गॅस जळताना वाफ तयार होते. बॉयलरमध्येच तिचं पाणी झालं, तर तिच्यातली उष्णता आपल्याला मिळते. त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. जितकं खाली तितकं उत्तम. ७५ वर पाठवलेलं पाणी बहुधा ५५ च्या वरच परततं आणि ती उष्णता वाफेबरोबर धुराड्यातून निघून जाते. पैसे मात्र आपण भरलेले असतात.

‘कोमट रेडिएटरने घर तापत नाही.’ कडाक्याच्या थंडीत खरं, एरवी नाही. समजा बाहेर उणे ३ असताना ७० अंशांच्या पाण्याने घर २० वर राहील, अशा हिशेबाने रेडिएटर निवडलेत. बाहेर ८ अंश असले (लंडनचा हिवाळा बराचसा असाच जातो), तर आत-बाहेरचा फरक २३ वरून १२ वर येतो; म्हणजे उष्णता निम्मीच लागते. तेवढी तेच रेडिएटर ५० अंशांच्या पाण्यावर देतात. सेन्सर हाच हिशेब सतत करतो: गारठा वाढला की पाणी जास्त गरम, कमी झाला की कमी. रेडिएटर हाताला कोमट लागला, तरी खोली २० वरच असते.

‘राहायचं घरात, मग तापमान बाहेरचं कशाला?’ कारण उष्णता जाते बाहेरच. आतल्या थर्मोस्टॅटला थंडीची खबर खोली गार झाल्यावर लागते. तरी तो काढायचा नाही. ऊन आलं, पाहुणे जमले, तर तोच कामाला येतो.

‘नवीन फॅड आहे.’ जर्मनीत अशी नियंत्रणं अनेक दशकं रुळलेली आहेत. इंग्लंडमध्येही एप्रिल २०१८ पासून कॉम्बी (टाकीशिवाय नळाचं पाणीही लगेच तापवणारा बॉयलर) बदलताना ज्या चार सुधारणांपैकी एक सक्तीची झाली, त्यांत हे सेन्सरवालं नियंत्रणही आहे.

खर्चाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल, तर लीजिओनेला जिवाणूंपासून सुरक्षिततेसाठी तिच्यातलं पाणी ६० अंशांपर्यंत तापवावं लागतं. बॉयलर या क्षणी टाकी तापवतोय की रेडिएटर, हे त्याला कळायला हवं, आणि जुन्या घरात त्यासाठी वायरिंग बदलावं लागू शकतं. ते काम जाणकार हीटिंग इंजिनिअरकडूनच करून घ्या. कॉम्बीमध्ये नळाच्या आणि हीटिंगच्या पाण्याचं तापमान वेगवेगळं ठेवता येतं, त्यामुळे ही अडचण नाही. सेन्सर आपल्या बॉयलरला चालणारा घ्यावा आणि उत्तरेकडच्या भिंतीवर लावावा. ऊन, खिडकी, धुराडं यांपासून दूर.

सेन्सर लावेपर्यंत कॉम्बीवाल्यांनी हीटिंगचं तापमान आजच ७५ वरून ५५-६० वर आणावं. घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून हीटिंग थोडं लवकर सुरू करा. गोठवणारा आठवडा आला, तर तेवढ्यापुरतं वाढवा.