खुलासा : ‘बटरफ्लाय मिल्कवीड’ला पाणी लागतच नाही, हे खरे नव्हे

अमेरिकेच्या प्रेअरीतील, म्हणजे गवताळ मैदानांतील, नारिंगी फुलांचे ‘बटरफ्लाय मिल्कवीड’ दुष्काळ सोसते, म्हणून बागेत लावल्या दिवसापासून त्याला पाणी लागत नाही, असा संदेश फिरत आहे. तो अर्धवट आहे. दुष्काळात त्याला तगवते ते त्याचे जाडजूड, गाजरासारखे खोल जाणारे सोटमूळ, आणि ते जम धरेपर्यंत, म्हणजे निदान पहिल्या उन्हाळ्यात, माती सुकली की पाणी घालावेच लागते. पुढे मात्र, विशेषतः निचरा न होणाऱ्या चिकणमातीत, जास्त पाण्याने तेच मूळ कुजते. वसंतात त्याचे कोंब फार उशिरा फुटतात. शेजारची रोपे हिरवी झाली तरी ही जागा उघडीच दिसते, तेव्हा रोप मेले समजून तिथे कुदळ चालवू नये, ही कळकळीची विनंती.